क्यारीत फवारणी झाली आणि तलावडीतलं मत्स्यबीज गेलं: जाणकारांनी कृपया सांगावं

ओरसंगकाठ · २४ ऑगस्ट, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते. मामांनी डभोईजवळच्या एका गावात अर्ध्या एकराची तलावडी भाड्याने घेतली आहे आणि गेली ३ वर्षं माझे बहुतेक रविवार तिथेच जातात. बाहेरगावच्या वाचकांसाठी: इकडे भाताला डांगर म्हणतात, खाचराला क्यारी, आणि क्यारीतलं जादा पाणी वाहून नेणारा जो चर असतो ती कांस. आमच्या तलावडीच्या तिन्ही बाजूंना क्यारी आहेत आणि एक कांस तिच्या काठाला लागूनच जाते.

५ ऑगस्टला रोहू आणि मृगळचं बीज सोडलं होतं, इंचभर लांबीचं. छान धरलं होतं. संध्याकाळी कोंड्या-पेंडीचं खाद्य टाकलं की पाण्यावर पाऊस पडल्यासारखे थेंब उठायचे. शुक्रवारी शेजारच्या क्यारीत फवारणी झाली. त्याच रात्री जोराचा पाऊस आला, कांस भरली आणि तिचं पाणी बांधावरून आमच्यात उतरलं. शनिवारी दुपारी मामांचा फोन आला, "बेटा, पिल्लं गोल गोल फिरताहेत."

मी पोचले तोवर चार वाजले होते. काही पिल्लं एका कुशीवर होऊन भिरभिरत होती, काही मधेच उसळी मारून तळाशी जात होती. काठाला पांढरी रेघ दिसत होती, ती सगळी मेलेली पिल्लं. चार-पाच उचलून पाहिली तर अंग वाकडं, कण्यातून वळलेलं. बारीक झिंगेही मेले होते. मात्र मागच्या वर्षीचे किलोकिलोचे कटले आहेत ना, ते सगळे ठीक.

ज्यांनी फवारलं त्यांचा आणि मामांचा वीस वर्षांचा स्नेह आहे. भांडण करायचं नाहीये. त्यांनी स्वतः बाटली आणून दाखवली: लॅम्डा सायहॅलोथ्रिन ५ ईसी, म्हणजे ५ टक्के मूळ विष असलेलं कीटकनाशक. "ताई, लाल त्रिकोण नाही बघा. हे काही जहाल औषध नाही," असं ते अगदी मनापासून म्हणाले.

मला तीन गोष्टी कळायला हव्या आहेत. हे खरंच औषधानेच झालं का? लाल त्रिकोण नसलेलं औषध एवढं कसं मारतं? आणि नवीन बीज कधी सोडावं?

---

क्यारीवाला · २४ ऑगस्ट, रात्री १०:०२

ताई, नुकसान वाईट झालं, पण घाईने निष्कर्ष काढू नका. शुक्रवारी दिवसभर ढग होते. ढगाळ दिवसानंतर तलावातला ऑक्सिजन पहाटे उतरतो आणि मासे मरतात, हे आमच्या तारापूरकडे दरवर्षी होतं. काही झालं की पहिलं बोट शेतकऱ्याच्या पंपाकडे जातं, म्हणून लिहिलं. आधी ते तपासा.

---

मत्स्यजिरे · २५ ऑगस्ट, सकाळी ६:४५

क्यारीवाला यांची शंका रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. मी उभी नोकरी मत्स्यबीज केंद्रावर केली आणि हा प्रश्न मला शेकडो वेळा विचारला गेला.

ऑक्सिजन संपला की आधी मोठे मासे जातात. मोठ्या देहाला जास्त प्राणवायू लागतो, पिल्लं पाण्याच्या वरच्या पापुद्र्यातून कशीबशी तग धरतात. शिवाय ते मरण पहाटेचं असतं. झुंजुमुंजू होताना सगळे वर येऊन तोंड उघडझाप करतात आणि ऊन चढलं की उरलेले सावरतात. ओरसंगकाठ यांच्याकडे नेमकं उलटं झालं आहे. पिल्लं गेली, किलोचे कटले राहिले, वेळ दुपारची, आणि झिंगेही मेले. कीटकनाशक कीटकांसाठी बनवलेलं असतं आणि झिंगे कीटकांचे जवळचे नातेवाईक, त्यामुळे ते बहुधा माशांच्याही आधी जातात. गोल फिरणं आणि कणा वाकडा होणं ही मज्जासंस्थेवर घाव बसल्याची खूण आहे. गुदमरलेला मासा असा फिरत नाही.

एक गोष्ट विचारून घ्या. बीज सोडण्याआधी मामांनी साबण-तेलाचं मिश्रण मारलं होतं का? पाण्यातले किडे बीज खातात म्हणून हेक्टरी ५६ किलो तेल आणि १८ किलो साबण, अशी ती जुनी पद्धत आहे. त्याने पृष्ठभागावर श्वास घ्यायला येणारे किडे मरतात. म्हणून मेलेल्या किड्यांवरून अंदाज बांधताना हे लक्षात असू द्या. झिंग्यांना ते लागू नाही, कारण ते कल्ल्यांनी श्वास घेतात.

पुढच्या वेळी, देव करो आणि न येवो, पण आली तर: पाणी काचेच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरायचं, हवेला जागा ठेवायची नाही, आणि बर्फात ठेवायचं. मरणाला टेकलेली पिल्लं वेगळी, मेलेली वेगळी, ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून बर्फात. काठाचा चिखलही घ्यायचा. तुमच्याकडे जे औषध आहे ते पाण्यात थोडाच वेळ सापडतं, मग गाळाला चिकटून बसतं. दोन दिवसांनी नुसतं पाणी तपासून "काही सापडलं नाही" असा कागद हातात येतो आणि मासेवाला खोटा ठरतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

---

आजी_रावपुरा · २५ ऑगस्ट, सकाळी ११:२०

बाळ, ते मेलेले मासे कुणी बाजारात नेले नाहीत ना? आणि ते कटले खायचे का आता?

---

मत्स्यजिरे · २५ ऑगस्ट, सकाळी ११:५८

आजी, बरं झालं विचारलंत. विषाने मेलेला मासा खायचा नाही, विकायचा नाही, कोंबड्या-कुत्र्यांनाही घालायचा नाही. तलावापासून लांब खोल खड्ड्यात पुरायचा. जिवंत कटलेही महिनाभर काढू नयेत असं मी सांगेन.

---

फतेहगंज_प्राणिशास्त्र · २५ ऑगस्ट, रात्री ११:३५

त्रिकोणाबद्दल लिहिते, कारण सगळी गफलत तिथेच होते. आमच्या घरचेही वर्षानुवर्षं तसंच समजत होते.

बाटलीवरचा त्रिकोण माशांसाठी नाहीच. तो माणसासाठी आहे. उंदरांना औषध तोंडावाटे देऊन, निम्मे उंदीर मरायला किलो वजनामागे किती मिलिग्रॅम लागतात हे पाहतात. १ ते ५० ला लाल, ५१ ते ५०० ला पिवळा, ५०१ ते ५००० ला निळा आणि त्यावर हिरवा. फवारणाऱ्याच्या पोटात गेलं तर काय होईल, एवढंच तो रंग सांगतो. क्यारीतल्या पाण्याबद्दल तो एक शब्दही बोलत नाही. माशांबद्दलची सूचना असते ती माहितीपत्रकात, बारीक अक्षरात, आणि ते पत्रक खोक्याबरोबर फेकलं जातं.

लॅम्डा सायहॅलोथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही सगळी सिंथेटिक पायरेथ्रॉइड घराण्यातली. शेवंतीच्या जातीच्या एका फुलात जे कीटकनाशक असतं त्याच्या धर्तीवर बनवलेली. ही नसांमधले सोडियमचे दरवाजे उघडे ठेवतात, नस थांबायचं नाव घेत नाही, म्हणून ते गोल फिरणं. माणूस, गाय, पक्षी यांचं शरीर हे रसायन झटपट तोडून टाकतं. माशांना ते तितक्या वेगाने तोडता येत नाही. शिवाय मासा कल्ल्यांतून सतत पाणी गाळत असतो, त्यामुळे औषध सरळ रक्तात. म्हणून सस्तन प्राण्यांना सौम्य ठरलेलं औषध माशांना जहाल असतं. पिल्लाची गोष्ट तर त्याहून अवघड. त्याच्या वजनाच्या मानाने कल्ले आणि कातडी जास्त, कातडी पातळ, आणि विष मोडणारं यकृत अजून कच्चं.

आता एक हिशेब मांडते, तुम्हीही करून पाहा. लॅम्डा सायहॅलोथ्रिनची डांगराला मात्रा हेक्टरी २५० मिली, म्हणजे मूळ विष १२.५ ग्रॅम. क्यारीत ५ सेंटिमीटर पाणी धरलं तर हेक्टरला ५ लाख लिटर होतं. फवाऱ्यातला फक्त दहावा भाग पाण्यात पडला तरी लिटरमागे २.५ मायक्रोग्रॅम. अमेरिकेतल्या ब्लूगिल माशावरच्या चाचणीत ४ दिवसांत निम्मे मासे मारायला ०.२१ मायक्रोग्रॅम पुरले होते.

आणि तुमची तलावडी: अर्धा एकर, सरासरी ४ फूट पाणी धरलं तर साधारण २४ लाख लिटर. ती त्या पातळीला न्यायला या ५ टक्क्यांच्या औषधाचे १२ मिली पुरतात. औषधाच्या बाटलीचं एक झाकण.

एक मात्र सांगायला हवं. हे आकडे प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्याचे आहेत, आणि रोहू म्हणजे ब्लूगिल नव्हे. आपल्या तलावांचं पाणी गढूळ असतं, गाळ बरंच विष धरून ठेवतो आणि मासे वाचतात. नाहीतर दर फवारणीला दर तलाव रिकामा झाला असता. पण पहिल्या काही तासांत, जिथे कांस उतरते त्या तोंडाशी, पिल्लांचा थवा असेल तर गाळाची मदत पोचायच्या आत काम झालेलं असतं.

---

ओरसंगकाठ · २६ ऑगस्ट, सकाळी ७:१५

एक झाकण.

कालपासून हेच डोक्यात आहे. आमची पिल्लं खाद्यासाठी त्या तोंडाशीच जमायची, कारण वाहत्या पाण्याबरोबर बारीक किडे येतात. मामांना वाचून दाखवलं. साबण-तेल मारलं नव्हतं. तलावडीशेजारच्या काकांनाही दाखवलं, ते गप्प बसून राहिले आणि मग म्हणाले, "रंग बघूनच घेतलं होतं, तुमचा तलाव आहे म्हणून." त्यांनी दुकानात मुद्दाम लाल नसलेलं मागितलं होतं, हो. त्यांच्या मनात आमची काळजीच होती.

---

क्यारीवाला · २६ ऑगस्ट, दुपारी २:४०

मी माझी पहिली शंका मागे घेतो. मोठे आधी की लहान आधी, ही खूण मला माहीत नव्हती.

पण आमची बाजूही ऐका. खोडकिडा लागला की गाभा वाळतो, ओढला की पोंगा हातात येतो. लोंबी निसवताना लागला तर पांढरी रिकामी लोंबी उभी. तो खोडाच्या आत असतो, बाहेरून काही दिसत नाही. लावणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी दाणेदार औषध टाकतो आणि तेव्हा क्यारीत पाणी ठेवावंच लागतं, नाहीतर दाणे कामच करत नाहीत. म्हणजे पाणी आणि विष एकत्र असणं ही आमची गरज आहे. वरून पाऊस कधी येईल ते आमच्या हातात नाही. पूर्वी फोरेट मिळायचं, ते २०२० अखेर बंद झालं, चांगलंच झालं, त्याचा वास आला तरी डोकं धरायचं. आता कारटॅप किंवा क्लोरँट्रानिलिप्रोलचे दाणे वापरतो. ते माशांना चालतं का, एवढं साधं सांगा.

---

फतेहगंज_प्राणिशास्त्र · २६ ऑगस्ट, रात्री १०:५०

दादा, साधं उत्तर अर्धंच खरं असेल, म्हणून थोडं लांबवते.

कारटॅप माशांना घातक आहे, तलावाशेजारी नको. क्लोरँट्रानिलिप्रोल माशांना थेट फारसं लागत नाही, मारायला लिटरमागे कित्येक मिलिग्रॅम लागतात. ०.४ टक्के दाणे हेक्टरी १० किलो टाकले तर मूळ औषध ४० ग्रॅम, म्हणजे सगळं मघाच्या ५ लाख लिटर पाण्यात विरघळलं तरी लिटरमागे ८० मायक्रोग्रॅम. मासा वाचला. पण डॅफ्नियासारखे सूक्ष्म प्राणी १२ मायक्रोग्रॅमच्या आसपासच लुळे पडतात.

आणि रोहूचं पिल्लू जगतं कशावर? अंड्यातून निघाल्यावर तीन दिवस पोटाला असलेल्या बलकाच्या पिशवीवर. मग लगेच त्याच सूक्ष्म प्राण्यांवर. ते नसले तर पिल्लू विषाने मरत नाही, उपाशी मरतं. एकही मेलेला मासा तरंगत नाही, कुणी फोटो काढत नाही. मोसम संपताना जाळं ओढलं की माल कमी निघतो, एवढंच.

हे जपानमध्ये दिसलं आहे. तिथल्या शिंजी सरोवराभोवती भातशेती आहे. १९९३ पासून निओनिकोटिनॉइड गटातली औषधं आली, आपल्याकडचं इमिडाक्लोप्रिड त्यातलंच. तीही माशांना थेट कमी विषारी. पण पाण्यातले सूक्ष्म प्राणी घसरले आणि वाकासागी नावाच्या छोट्या माशाची वर्षाची पकड २४० टनांवरून २२ टनांवर आली. २०१९ मध्ये तिथल्या संशोधकांनी हे मांडलं तेव्हा जगभर चर्चा झाली. माझ्या मनातून ते २२ जात नाहीत.

तेव्हा दादा, "माशांना चालतं" असं लेबलावर असलं तरी पिल्लांना चालतंच असं नाही.

---

मत्स्यजिरे · २७ ऑगस्ट, सकाळी ६:३०

फतेहगंज ताईंनी उत्तम मांडलं. मी फक्त वेळेबद्दल बोलतो, कारण मला सगळं दुखणं वेळेत दिसतं.

१० जुलै १९५७ ला ओडिशात अंगुल इथे हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही यांनी पियुष ग्रंथीचं इंजेक्शन देऊन आपल्या मेजर कार्प माशांचं (रोहू, कटला, मृगळ यांच्या गटाचं) प्रजनन घडवून आणलं. म्हणून १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिवस. त्याआधी बीज बहुतेक नदीतूनच गोळा करावं लागे, पुरात. आता तारखा बघा. नदीतला रोहू पुरात अंडी घालतो, आषाढ-श्रावणात. केंद्रावरचं बीज जुलै-ऑगस्टमध्ये तयार होतं. लावणी जुलैत, दाणे ऑगस्टमध्ये, फवारणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. वर्षातल्या ज्या सहा-सात आठवड्यांत मासा सगळ्यात लहान असतो, त्याच आठवड्यांत क्यारीत औषध असतं.

आणि हे फक्त विकत आणलेल्या बीजाचं नाही. ओरसंग नदीचं पाणी चढलं की मरळ, मांगूर, कितीतरी बारीक रानमासे कांसेतून उलटे चढून क्यारीत येतात. उथळ, कोमट, खाद्याने भरलेली, मोठ्या माशांचं भय नाही, पिल्लांना याहून चांगली जागा नाही. माझ्या लहानपणी पाणी उतरताना क्यारीच्या तोंडाला टोपली लावली की संध्याकाळचं कालवण निघायचं. त्या पिल्लांना भाडेपट्टा नाही की मालक नाही. ती मेली तर कुणाचा फोनही जात नाही. जवळच वढवाणा तलाव आहे, सयाजीरावांच्या काळात १९०९-१० मध्ये ओरसंगेच्या पाण्यावर बांधलेला. शेतीसाठी बांधला, आणि २०२१ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला तो पक्ष्यांमुळे. हिवाळ्यात आपण सगळे तिथे दुर्बिणी घेऊन जातो. मासे खाणाऱ्या पक्ष्यांचा घास याच पाण्यात वाढतो.

क्यारीवाला, तुमच्यासाठी: औषध टाकल्यावर निदान आठवडाभर पाणी बांधून ठेवता आलं तर फार फरक पडतो. कॅलिफोर्नियात १९८०च्या सुमारास भाताच्या मोलिनेट या तणनाशकाने निचऱ्याच्या कालव्यात कार्प मासे मरत होते. औषध बंद नाही केलं, फवारल्यावर शेतातलं पाणी रोखून धरायचे दिवस वाढवत नेले, मासे मरायचे थांबले.

---

क्यारीवाला · २७ ऑगस्ट, रात्री ९:२५

आठवडाभर पाणी बांधायचं तर बांध उंच हवा. माझे बांध उंदीर-खेकड्यांनी पोखरलेले आहेत. मजूर मिळत नाही, मिळाला तर दिवसाचे पैसे फवारणीपेक्षा जास्त. तरी तलावाच्या बाजूचा एक बांध वीतभर चढवता येईल.

एक विचारतो. सगळीच फवारणी लागते का? माझे वडील तुडतुड्यांवर जितकं मारतील तितके ते वाढायचे, असं मला स्पष्ट आठवतं.

---

फतेहगंज_प्राणिशास्त्र · २७ ऑगस्ट, रात्री ११:१०

वडिलांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं, दादा. तुडतुड्यांना कोळी खातात. फवाऱ्याने कोळी मरतात, तुडतुड्यांची अंडी पानाच्या देठात सुरक्षित राहतात, आठ-दहा दिवसांत नवी फौज आणि तिला खाणारं कुणी नाही. इंडोनेशियात हे एवढं वाढलं की १९८६ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी एका हुकमाने भातावरची ५७ कीटकनाशकं बंद केली आणि शेतकऱ्यांना शेतात बसवून कोळी मोजायला शिकवलं.

बुंध्याशी वाकून मोजा. चुडाला, म्हणजे रोपांच्या एका जुडग्याला, दहाच्या आत तुडतुडे असतील आणि कोळी दिसत असतील तर पंप घरात ठेवा. खोडकिड्यासाठी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा, पतंग वाढले की ट्रायकोग्रामाची, म्हणजे किडीची अंडी संपवणाऱ्या बारीक मित्रकीटकाची कार्डं. आणि पायरेथ्रॉइड तलावाच्या बाजूच्या क्यारीत नकोच. ते कोळ्यांनाही मारतं आणि माशांनाही.

---

ओरसंगकाठ · ६ सप्टेंबर, रात्री ८:४०

उशीर झाला, गावी रेंज नसते. काय काय झालं ते सांगते.

मागच्या रविवारी मामा आणि ते काका दोघांनी मिळून कांसेच्या बाजूचा बांध दीड फूट चढवला. माती काकांच्या क्यारीतली, मजूर मामांचा. कांसेच्या तोंडाला लाकडी फळी बसवली, खाली-वर होणारी. फवारणीच्या आदल्या संध्याकाळी काका फोन करणार आणि मामा फळी टाकणार, असं ठरलं. भरपाईचा विषय मामांनी काढलाच नाही. काकांनी काढला, मामांनी चहा मागवला.

मी काकांबरोबर त्यांच्या क्यारीत उतरले आणि आम्ही वीस चूड वाकून पाहिले. सगळे मिळून एकतीस तुडतुडे निघाले. कोळी मी मोजायला शिकतेय, पण सात तरी नक्की होते. काकांनी दुसरी फवारणी पुढे ढकलली आहे.

प्रश्न राहिला तो बीज कधी सोडायचं. पाणी आता स्वच्छ दिसतंय, पण दिसण्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

---

मत्स्यजिरे · ७ सप्टेंबर, सकाळी ६:२०

दिसण्यावर जाऊच नका. बारीक जाळीचा हापा लावा, मच्छरदाणीसारखा, चार काठ्यांना बांधून. कांसेच्या तोंडाशीच लावा, चांगल्या जागी नको. त्यात पन्नास पिल्लं सोडा आणि ४८ तास थांबा. त्याचबरोबर सकाळी तलम कापडातून पन्नास लिटर पाणी गाळून काचेच्या पेल्यात उजेडाला धरा. पांढरे ठिपके हलताना दिसले तर खाद्य परत आलं. ते दिसत नसेल तर हाप्यातली पिल्लं जगली तरी बीज सोडू नका, थोडं कुजलेलं शेण टाकून आठवडा जाऊ द्या.

---

ओरसंगकाठ · १३ सप्टेंबर, संध्याकाळी ६:५५

शुक्रवारी संध्याकाळी हापा लावला होता, आज संध्याकाळी उघडला. पन्नासपैकी सेहेचाळीस जिवंत. मामांनी एकेक मोजलं, दोनदा. मेलेल्या चारांपैकी एकाचाही कणा वाकडा नव्हता.

पेला काकांनी उजेडाला धरला. त्यांचा चष्मा घरी राहिला होता म्हणून मला विचारत होते, हलतंय का, हलतंय का. हलत होतं.

गुरुवारी बीज आणायला जातोय. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या उन्हाच्या आत पोचवायच्या आहेत, त्यामुळे पहाटे चारला निघू. बडोद्यातून कुणाला यायचं असेल तर गाडीत दोन जागा आहेत.